लिंगोट्टो : कारखाना बंद पडल्यानंतर (प्रकल्प नोंदी, नागपूर)

१० फेब्रुवारी २०२५

हिंगणा रस्त्यावर वाहनदुरुस्तीचा आणि बसची बॉडी बांधण्याचा एक जुना कारखाना आहे. त्याच्या इमारतीचे पुढे काय करता येईल, यावर अहवाल देण्याचे काम आमच्या कार्यालयाने स्वीकारले आहे. मालकांच्या मनात दोन पर्याय आहेत : लग्नाचे लॉन किंवा गोदाम. दोन्हींना नागपुरात गिऱ्हाईक मिळते, त्यामुळे ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत; मात्र इमारत न पाहता केवळ जमिनीचा भाव पाहून घेतलेला निर्णय पुढे महाग पडतो, एवढे आम्ही त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले. अहवालाला आधार म्हणून इटलीतील तुरिन शहरातील फियाटच्या लिंगोट्टो कारखान्याचा सविस्तर अभ्यास करायचा आणि त्याचे प्रारूप (लहान आकारातली प्रतिकृती) व माहितीचे तक्ते वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मांडायचे, असे ठरले. बंद पडलेल्या मोटार कारखान्यांपैकी ज्यांचा पुनर्वापर पूर्णत्वास गेला आणि आज तीन दशकांनंतरही टिकून आहे, अशी उदाहरणे मोजकीच आहेत, आणि त्यांत लिंगोट्टोइतकी स्वच्छ मांडणी असलेली इमारत दुसरी आढळत नाही.

१८ फेब्रुवारी

इमारतीचा मूळ आराखडा समजून घेण्यात आजचा दिवस गेला. फियाट ही कंपनी १८९९ मध्ये तुरिनला स्थापन झाली. तिचे प्रमुख जोव्हान्नी आन्येल्ली यांनी अमेरिकेत जाऊन फोर्डची पद्धत पाहिली होती, आणि त्याच धर्तीवर एका छपराखाली संपूर्ण मोटार तयार करणारा कारखाना त्यांना हवा होता. जाकोमो मात्ते-त्रुक्को या अभियंत्याने तो आखला. १९१६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९२३ मध्ये राजाच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे ५०० मीटर लांबीचे दोन समांतर पाखे, म्हणजे इमारतीच्या लांब बाजू, प्रत्येकी सुमारे २४ मीटर रुंद आणि पाच मजली, त्यांना ठरावीक अंतरावर जोडणारे आडवे भाग आणि मध्ये बंदिस्त अंगणे, अशी ही मांडणी आहे. जिने, उद्वाहने आणि स्वच्छतागृहे त्या आडव्या भागांत ठेवल्यामुळे दोन्ही पाख्यांतील मजले सलग आणि मोकळे राहिले.

शेजारून रेल्वे जाते. कच्चा माल तळमजल्यावर येई, मोटार मजल्यागणिक पूर्ण होत वर सरके आणि तयार गाडी थेट गच्चीवर पोहोचे. गच्चीवर सुमारे एक किलोमीटरची चाचणी धावपट्टी होती आणि तिची दोन्ही टोकांची वळणे बाहेरच्या बाजूने उंच उचललेली होती, म्हणजे गाडीला वेग कमी न करता वळता यावे. गाड्या चालवत वर-खाली नेण्यासाठी दोन्ही टोकांना गोल फिरत जाणारे काँक्रीटचे चढ आहेत. ते उद्घाटनानंतर काही वर्षांनी बांधले गेले. चढाच्या खालून वर पाहिले की मध्यापासून बाहेर पसरत गेलेल्या तुळया दिसतात, आणि पूर्ण इमारतीत केवळ शोभेसाठी केल्यासारखी वाटावी अशी हीच एक गोष्ट आहे; प्रत्यक्षात प्रत्येक तुळई भार वाहते. ज्यांचे चंडीगड आपल्याला परिचित आहे त्या ल कॉर्बुझिए यांनी या कारखान्याची मनापासून वाखाणणी केली होती.

२६ फेब्रुवारी

प्रारूपाचे प्रमाण १ : २०० ठरले. त्यामुळे लांबी अडीच मीटरच्या वर जाते आणि दोन कॉलमांमधला सहा मीटरचा प्रत्येक गाळा तीन सेंटीमीटरचा होतो. एवढे लांब प्रारूप ‘छोटा हत्ती’च्या हौद्यात मावत नाही, म्हणून आडव्या जोडांपाशी तुकडे पाडून खाली एमडीएफची (दाबीव लाकडी फळीची) वेगवेगळी बैठक घ्यायची. कॉलम इतके आहेत की ते लेझरने कापून घ्यावे लागतील.

५ मार्च

तक्त्यांवरील मजकूर लिहिताना एक मुद्दा ठळकपणे पुढे आला आणि तो अहवालातही घ्यावा लागेल. फोर्डचा डेट्रॉइटजवळील हायलंड पार्क कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. वास्तुरचनाकार अल्बर्ट कान यांनी आखलेला तो कारखानाही बहुमजली होता, पण तेथे मालाचा प्रवास वरून खाली होत असे : सुटे भाग वरच्या मजल्यांवर तयार होत आणि गुरुत्वाच्या आधाराने घसरत खालच्या जुळणीपर्यंत येत. १९१३ मध्ये तेथेच सरकती जुळणी-साखळी आली आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) जुळवण्याचा साडेबारा तासांचा वेळ पुढे दीड तासाच्या आसपास आला. लिंगोट्टोने फोर्डची शिस्त घेतली. दिशा मात्र उलटी केली, खालून वर.

यातली खरी गोम अशी की लिंगोट्टोचे उद्घाटन होत होते तेव्हा फोर्डने बहुमजली इमारतींकडे पाठ फिरवलेली होती. रिव्हर रूज येथील नव्या वसाहतीत विस्तीर्ण, एकमजली शेड उभ्या राहत होत्या, कारण साखळी लांबवायची तर सपाट जमिनीइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही आणि यंत्र बदलायचे तर मजला फोडावा लागत नाही. फियाटनेही १९३९ मध्ये मिराफियोरी येथे तसाच आडवा पसरलेला कारखाना सुरू केला. म्हणजे उत्पादनाच्या दृष्टीने लिंगोट्टो जवळपास जन्मतःच कालबाह्य होते, आणि तरीही त्यात १९८२ पर्यंत मोटारी तयार होत राहिल्या. ‘तोपोलिनो’ नावाने गाजलेली छोटी फियाट १९३६ मध्ये येथूनच बाहेर पडली.

आमच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. मोटारींसाठी जी रचना गैरसोयीची ठरली, तीच नंतरच्या उपयोगांसाठी सोयीची ठरली. सहा मीटरचे गाळे, मजल्यावर मजला, दोन्ही बाजूंनी उजेड आणि भरपूर वजन पेलणारे स्लॅब हे वर्गखोल्यांना, कार्यालयांना, हॉटेलच्या खोल्यांना आणि दुकानांना आयते बसते. आपल्याकडील आयएस ८७५ या मानकात राहत्या घराच्या मजल्यासाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजन) इतका भार धरतात, तर यंत्रे असलेल्या कारखान्याच्या मजल्यासाठी तोच ५ ते १० किलोन्यूटन धरावा लागतो. कारखान्याच्या मजल्यावर घर थाटता येते. घराच्या मजल्यावर कारखाना थाटता येत नाही. पत्र्याच्या एकमजली शेडचे मात्र असे नाही. ती बंद पडली की तिची किंमत बहुधा भंगाराच्या वजनकाट्यावर ठरते.

१९ मार्च

फियाट म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे तुरिन येत नाही, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी येते. म्हणून विद्यार्थ्यांसाठी एक तक्ता भारतातील मोटारउद्योगावर ठेवला आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ मध्ये बंद केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावरील गाड्या निघाल्या आणि त्यांतूनच पुढची ‘पद्मिनी’ आली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून लिहिले. गाडीवर एवढे प्रेम करणाऱ्या आपण मंडळींनी ती गाडी ज्या इमारतींत तयार झाली त्यांच्याविषयी मात्र फारसे काही लिहून ठेवले नाही. या तक्त्यासाठी गाड्यांची छायाचित्रे हवी तितकी मिळाली. कारखान्याच्या आतील भागाचे चांगले छायाचित्र शोधायला खूप खटाटोप करावा लागला.

२७ मार्च

लिंगोट्टो बंद कसे पडले, हे लिहिताना इमारतीपुरते बोलून भागत नाही. १९८० च्या शरद ऋतूत फियाटने हजारो कामगारांच्या कपातीची योजना जाहीर केली आणि त्याविरुद्ध ३५ दिवसांचा संप झाला. १४ ऑक्टोबरला फोरमन आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी संपाविरुद्ध तुरिनमध्ये मोर्चा काढला. तो ‘चाळीस हजारांचा मोर्चा’ म्हणून ओळखला जातो. संप मोडला, आणि दोन वर्षांनी लिंगोट्टोचे दरवाजे बंद झाले. त्याच १९८२ सालच्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. तक्त्यावर दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कारणे वेगळी होती, कामगारांच्या पदरी पडलेले फळ मात्र बरेचसे सारखे होते.

पुनर्वापराच्या बहुतेक लेखनात हा भाग एका ओळीत उरकतात आणि वाचक थेट काचेच्या सभागृहाकडे वळवला जातो. आमच्या तक्त्यांत तो पूर्ण उंचीचा राहील.

बंद झाल्यावर कंपनीने इमारत पाडली नाही. १९८३ मध्ये नामवंत वास्तुरचनाकारांकडून कल्पना मागवण्यात आल्या, आणि पुढे काम रेन्झो पियानो यांच्याकडे गेले. पॅरिसच्या पॉम्पिदू या कलाकेंद्रामुळे त्यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते.

८ एप्रिल

पियानो यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही, याची यादी करणे अधिक उपयोगी ठरले. त्यांनी दर्शनी बाजूच्या खिडक्यांची लय मोडली नाही, कॉलमचे जाळे हलवले नाही, गोल चढ आणि गच्चीवरील धावपट्टी काढली नाही. नवे जे घातले ते दोनच ठिकाणी ठळकपणे दिसते : गच्चीवर आणि अंगणात. गच्चीवर हेलिपॅडच्या शेजारी पोलाद आणि काचेचा बुडबुड्यासारखा सभाकक्ष आहे, तर २००२ मध्ये तेथेच चित्रसंग्रहालयाची पोलादी पेटी चार खांबांवर उभी राहिली; आन्येल्ली कुटुंबाने दिलेल्या पंचवीस कलाकृती तीत आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेले, सुमारे दोन हजार आसनांचे संगीतसभागृह मात्र वर काढलेले नाही. त्याला लागणारी उंची जुन्या मजल्यांत मिळणे शक्य नव्हते, आणि मजले कापले असते तर सांगाडाच दुबळा झाला असता. म्हणून ते अंगणात जमिनीखाली खोल उतरवले आणि आतून चेरीच्या लाकडाने मढवले.

उरलेल्या लांबलचक मजल्यांत परिषद केंद्र, हॉटेल, कार्यालये, दुकानांची गल्ली आणि तुरिनच्या तंत्रविद्यापीठाचा मोटार अभियांत्रिकीचा विभाग आला. हे सर्व एकदम झाले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत टप्प्याटप्प्याने काम चालले, आणि एक टप्पा चालू असताना आधीचा टप्पा उत्पन्न देत होता. शेजारच्या परिसराचेही हळूहळू तसेच झाले : २००६ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी जवळच स्केटिंगचे क्रीडागृह बांधले गेले आणि रेल्वेमार्गावरून लाल कमानीचा पादचारी पूल टाकला गेला, २००७ मध्ये कार्पानो या मद्याच्या जुन्या कारखान्यात इटालियन खाद्यपदार्थांचा मोठा बाजार उघडला. धावपट्टीवर २०२१ पासून सुमारे ४० हजार रोपांची बाग आहे.

दुकानांच्या गल्लीबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तळमजल्यावरून साखळीची सुरुवात होत असे, ही गोष्ट तेथे फिरणाऱ्या माणसाला कशावरूनही कळू नये इतकी ती कोणत्याही मॉलसारखी आहे. परंतु सभागृह आणि विद्यापीठ चालवायला लागणारा पैसा त्याच गल्लीतून काही अंशी येतो, हे मान्य करावेच लागते.

१७ एप्रिल

पारा ४३ अंशांच्या आसपास आहे. दुपारी सनबोर्डचे तुकडे कडांशी वाकतात आणि फेविकॉल बोर्डात मुरण्याआधीच वाळतो, म्हणून प्रारूपाचे काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर ठेवले आहे. उचललेली वळणे हा सर्वांत अवघड भाग निघाला : माउंट बोर्ड दोन दिशांनी एकाच वेळी वाकत नाही. शेवटी विद्यार्थिनींनी बोर्डाच्या अरुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपेक्षा किंचित अधिक उभी लावली आणि वरून पातळ कागद ओला करून ताणून चिकटवला. कागद वाळताना आपोआप आवळला आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला.

याच उन्हामुळे एक गोष्ट अहवालात स्पष्ट लिहिली आहे. लिंगोट्टोच्या लांब बाजू पूर्व आणि पश्चिमेला आहेत आणि दोन्हीकडे खिडक्याच खिडक्या आहेत. तुरिनच्या हिवाळ्यात तो उजेड वरदान आहे. नागपुरात पश्चिमेकडे तेवढी काच ठेवली तर मे महिन्यात कितीही कूलर लावले तरी खोलीत बसवणार नाही. हिंगणा रस्त्यावरील शेडला उत्तरेकडून उजेड घेणारे करवती (करवतीच्या दातांसारखे उतरते) छप्पर आहे. ते बदलू नये, फक्त पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा, ही आमची शिफारस. काचेची दर्शनी भिंत मालकांना फार आवडते, याची कल्पना आहे.

२४ एप्रिल

शेडची तपासणी झाली. सुदैवाने ती पूर्ण पत्र्याची नाही. पुढचा दुमजली भाग काँक्रीटच्या सांगाड्याचा आहे आणि सुटे भाग साठवण्यासाठी बांधल्यामुळे त्याचा वरचा स्लॅब जाड आहे. कॉलममध्ये छिद्र पाडून ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे रसायन) फवारले. बाहेरचा थर रंगहीन राहिला आणि आतला लगेच गडद गुलाबी झाला. याचा अर्थ हवेतील कार्बन डायऑक्साइडने बाहेरच्या थराचा अल्कधर्म घालवला आहे, पण हा परिणाम सळईपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. जेथे पन्हाळीचे पाणी वर्षानुवर्षे मुरत होते त्या कोपऱ्यातील दोन कॉलमवर मात्र गुलाबी रंग दिसलाच नाही. तेथे आवरण फुगून सुटले आहे आणि सळई गंजली आहे. एवढे कॉलम बळकट करणे हा मोठा खर्च नव्हे.

जोत्याजवळच्या तिरप्या भेगा काळ्या मातीमुळे आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जोत्याभोवती पाणी साचू न देणे हाच पहिला उपाय. जमिनीवरचे वंगण काँक्रीटमध्ये खोल मुरले आहे, त्यावर थेट फरशी बसवली तर ती सुटेल. अंगणातील जमिनीखालची डिझेलची टाकी काढून तेथील माती तपासून घ्यावी लागेल. मोटार कारखान्याच्या जागेवर लोक छप्पर पाहतात. धोका बहुधा जमिनीखाली असतो.

२ मे

सांगाडा मजबूत असला की इमारत वाचते, असा समज आमच्या मजकुरातून होऊ नये म्हणून डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्याचा तक्ता वाढवला. तोही अल्बर्ट कान यांचाच, आणि १९०५ ची तेथील दहा क्रमांकाची इमारत ही मोटार कारखान्यात सळईयुक्त काँक्रीट वापरण्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी आहे. तेलाने भिजलेल्या लाकडी मजल्यांना आग लागण्याची भीती काँक्रीटने संपवली आणि दोन कॉलमांमधली पूर्ण जागा खिडकीला मोकळी झाली. सुमारे ३५ लाख चौरस फुटांचा हा कारखाना १९५० च्या दशकात बंद झाला, त्यानंतर हात बदलत राहिला, त्यातले धातू चोरीला गेले, आणि २०२२ मध्ये त्याचे पाडकाम सुरू झाले. काँक्रीट दोन्हीकडे होते, गाळे दोन्हीकडे होते. तुरिनमध्ये मालक इमारत सोडून गेला नाही आणि शहराने तिच्याभोवती रस्ते, पूल आणि क्रीडागृह उभे केले. डेट्रॉइटमध्ये उद्योगाबरोबर लोकवस्तीही ओसरत गेली.

ब्रसेल्समध्ये तिसरी तऱ्हा दिसते. १९३० च्या दशकातील सिट्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीचे काचेचे भव्य विक्रीदालन आणि दुरुस्तीशाळा तेथील प्रादेशिक सरकारने २०१५ मध्ये विकत घेतली, ती कलाकेंद्रासाठी. तेथे नूतनीकरणाआधीच, २०१८ मध्ये, आहे त्या अवस्थेत दालने लोकांना खुली केली होती. हा मार्ग आमच्या मालकांना परवडण्यासारखा आहे, हे त्यातले विशेष.

१३ मे

एम्प्रेस मिलचा उल्लेख करावा की नाही, यावर कार्यालयात बरीच चर्चा झाली. ती मोटारींची नव्हे, कापसाची. पण नागपुरात बंद कारखान्याचा विषय काढला की प्रत्येक जण तिच्याकडेच येतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी जुम्मा तलावाजवळच्या सखल, दलदलीच्या जागेवर भराव टाकून उभारली होती; कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे जवळ, असा त्यामागचा विचार होता. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून तेथे हवेत आर्द्रता राखणारी यंत्रणा बसवली गेली, जी त्या काळी देशात नवलाईची होती. आज त्या जागेवर त्याच नावाचा मॉल आहे. एवढे दोन परिच्छेदांत लिहून थांबायचे ठरले. बाकी काय ते नागपूरकर पाहुणे स्वतःच बोलतील.

२३ मे

अहवालाचा अंतिम मसुदा मालकांकडे दिला. त्यात लॉन आणि गोदाम या दोन्ही पर्यायांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला आहे, आणि तिसरा पर्याय जोडला आहे : पुढच्या काँक्रीटच्या भागात वाहन आणि विद्युत वाहन दुरुस्तीचे प्रशिक्षण वर्ग, वर भाड्याची छोटी कार्यालये, मागची करवती छपराची शेड पहिल्या टप्प्यात केवळ साफ करून, गळती थांबवून, आठवडी बाजार आणि प्रदर्शनांसाठी खुली करायची आणि तिच्यावर मोठा खर्च दुसऱ्या टप्प्यापर्यंत करायचा नाही. बसच्या बॉडी सरकवण्याचे रूळ जमिनीत तसेच ठेवावेत, असे नकाशावर लाल रेघेने दाखवले आहे. मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा, दुसरा वाहनतळाचा. तिसरा पर्याय आवडला असला तरी दहा वर्षे जमीन न विकण्याची तयारी आहे का, हे ते भावांशी बोलून कळवणार आहेत. जमीन तिघांच्या नावावर आहे, आणि आमच्या दृष्टीने सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे; म्हणून तोपर्यंत दुसऱ्या टप्प्याचे नकाशे काढायला घेतलेले नाहीत.

प्रारूपाचे तुकडे बांधून ठेवले आहेत. महाविद्यालये उघडली की जूनअखेर मांडणी होईल. वाहतुकीसाठी प्रत्येक तुकड्याला खोके करायला मिस्त्रींना सांगितले आहे आणि धावपट्टीवर वजन येऊ नये म्हणून खोक्यांची झाकणे दोन सेंटीमीटर उंच ठेवण्याची सूचना दिली आहे.